रुखवतातलं बेसालू

आजवर मी एकेचाळीस रुखवतं मांडली आहेत. साखरेच्या पालख्या केल्या, तुळशीवृंदावनं केली, एकदा तर शंकरपाळ्यांचं अख्खं स्वयंपाकघर उभं केलं, गॅसच्या शेगडीसकट. भाईंदर पूर्वेला कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पहिला फोन हॉलवाल्याला जातो आणि दुसरा सुचेतामावशीला, म्हणजे मला. तेव्हा माझ्या सख्ख्या भाचीच्या, निशिगंधाच्या, लग्नात मी काहीतरी झकास करणार हे सगळे धरूनच चालले होते. मी केलंही. स्पेनमधलं एक बुडालेलं राज्य केलं.

सांगते, थांबा.

निशी आमच्याकडे राहून पाच वर्षं बेसालू नावाच्या एवढ्याशा परगण्यावर पीएचडी करत होती. हजारेक वर्षांपूर्वी तिथे काऊंट राज्य करायचे. काऊंट म्हणजे आपला संस्थानिक धरा. आमच्या घरात इतिहासाचं कुणालाच काही कळत नाही, पण जेवताना रोज ऐकून ऐकून आम्हाला त्या काऊंटांची वंशावळ आमच्या चुलत्यांपेक्षा बरी पाठ झाली होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, बेसालू बुडालं कसं याचं. तीन महिन्यांचं काम.

आणि तेवढ्यात लग्न ठरलं. मुलगा चांगला, अभिनव त्याचं नाव. त्याची आई राजश्रीताई काशीमीऱ्याला हायवेलगत ट्रकचं गॅरेज चालवते. बाई इंजिनाचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगते आणि तिच्या आवाजाने ड्रायव्हर सरळ होतात. साखरपुड्यात निशीनं तिला हळूच विचारलं, "आई, लग्नानंतर तीन महिने मी प्रबंध पूर्ण केला तर चालेल ना?"

"बघू," राजश्रीताई म्हणाल्या. "आधी गॅरेजच्या ऑफिसात बसायला ये. आमचा माणूस सोडून गेलाय."

बघू! नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. बघूशी कसं भांडणार? आमच्या हिनं घरी येऊन उशी भिजवली. पाच वर्षांचं काम बघूमध्ये जाणार, हे तिलाही कळलं होतं आणि मलाही. मला राग आला. राग आला की मी रवा भाजायला घेते.

रवा परतता परतता मी म्हटलं, "ए रडूबाई, तुझे ते काऊंट मला नीट सांग. कोण जाडा, कोण बारीक, कुणाची दाढी केवढी."

"कशाला?"

"रुखवतात मांडते. मुलाच्या आईला रुखवत बघावंच लागतं, तिथून सुटका नाही. कळू दे तिला, सून काय करते ते."

निशी डोळे पुसत हसायला लागली, ती थांबेचना.

आठ दिवस नुसता धुडगूस. मदतीला गोडदेव गावातली मुक्ताबाई होती. तिच्या हाताला जी चव आणि जे वळण आहे ते मला या जन्मी जमायचं नाही, पण हे तिला सांगू नका. पहिला मान घराण्याच्या मूळपुरुषाचा. त्याचं नाव खरोखरच केसाळ विल्फ्रेड. रव्याच्या लाडवाला आम्ही सुतरफेणीचे केस लावले, दाढी पोटापर्यंत. मग बर्नात लोखंडतोड्या. याच्या काळात बेसालू कळसाला पोचलं. थेट पोपकडून त्यानं आपल्या राज्यासाठी वेगळा बिशप मिळवून आणला आणि पुढे नदीत बुडून मेला. त्याचं अंग अनारशांचं आणि हातात अडकित्ता. मग जाडा गियेम, त्याच्यावर सात मोतीचूर खर्ची पडले. मग दुसरा गियेम, जो खोटं नाक लावून फिरायचा म्हणतात. त्याला करंजीच्या चेहऱ्यावर काजूचं नाक लावलं. ते नाक मुक्ताबाईनं दोनदा खाल्लं.

सगळ्यांत शेवटी तिसरा बर्नात. एकच शंकरपाळं, डोक्यावर वेलचीची टोपी. त्याच्यापाशी बेसालू संपतं. कसं संपतं ते निशीनं मला सांगितलं आणि माझा झारा हवेतच राहिला.

"हे लग्नघरात बोलायचं नाही," मी म्हटलं. "अगदी गिळून टाक."

राहिला पूल. बेसालूच्या नदीवर दगडी पूल आहे आणि तो मध्येच कोपरात हात मुडपावा तसा वाकलेला आहे. नारळाच्या वड्या पाकात चिकटवून मी तो तंतोतंत वाकडा केला आणि स्वतःवर खूश होऊन शालू नेसायला गेले.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये वरपक्षाच्या बायका रुखवताभोवती जमल्या. राजश्रीताई पुढे. चष्मा नाकावर ओढून त्यांनी केसाळ विल्फ्रेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा विल्फ्रेडकडे.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडणार एवढ्यात मुंडावळ्या सावरत निशी खोलीतून बाहेर आली. नवरीनं असं यायचं नसतं, पण तिला राहवलं नसणार. ती टेबलापाशी पोचली आणि किंचाळली.

"पूल सरळ कोणी केला?"

पूल खरंच पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता. मुक्ताबाई मागून शांतपणे म्हणाली, "मी केला. लग्नात वाकडं न्हाय ठेवायचं. लोकं काय बोलतील?"

निशीनं हिरवा चुडा कोपरापर्यंत सारला आणि दोन्ही हातांनी पूल मोडला. बायकांचा एकदम हाय हाय झाला. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. हिला आता गॅरेजच काय, घरातही घेणार नाहीत.

"अगं, मोडतेस कशाला?" राजश्रीताई ओरडल्या. "छान सरळ होता की!"

"आई, तो सरळ असूच शकत नाही! नदीत खडक जिथे होते तिथेच खांब उभे करता आले. सरळ रेषेत बांधला असता तर पाया वाळूत गेला असता."

राजश्रीताईंनी तुटक्या पुलाकडे पाहिलं. डोळे बारीक केले. मी तो चेहरा ओळखते, बंद पडलेला ट्रक समोर आला की तसा होतो.

"म्हणजे सगळा लोड खडकावर घेतला," त्या म्हणाल्या. "अक्कल होती की मेल्यांना. सरक, इकडून सपोर्ट देते. पाक आहे का कुणाकडे?"

सासूनं पदर खोचला. सुनेनं वड्या रचल्या. मुक्ताबाई पुटपुटत पाकाचं भांडं घेऊन धावली. पूल वाकला आणि उभा राहिला, आणि मग राजश्रीताईंना कोण धरणार?

"हा केसाळ कोण? आणि या अडकित्तेवाल्याचं काय?"

निशी सांगत सुटली. पाच वर्षं साठलेलं ते, धरण फुटल्यासारखं आलं. वरपक्षाच्या बायका खुर्च्या ओढून बसल्या. माईकवरून गुरुजी पुकारत होते, "मुलीला आणा, मुलीला आणा." अभिनव बिचारा पाटावर हार घेऊन एकटाच उभा.

"गुरुजी, दोन मिनिटं!" राजश्रीताई इथूनच गरजल्या. "नाकवाल्याचं चाललंय! हं, काय झालं त्याचं?"

"खून झाला."

"कुणी केला?"

"भावावर संशय होता."

"मला वाटलंच! भाऊच असणार." त्यांनी शंकरपाळ्यावर बोट ठेवलं. "आणि हा बारकू?"

"तिसरा बर्नात. शेवटचा काऊंट."

"मग? पुढे?"

मी निशीकडे डोळे वटारले. निशीनं माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"ते शेवटचं प्रकरण, आई. अजून लिहिलेलं नाही."

"तोंडी सांग ना."

"तोंडी नाही सांगता यायचं. कागदपत्रं लावून लिहावं लागतं. तीन महिने, रोज सकाळी चार तास."

राजश्रीताई एकदा शंकरपाळ्याकडे बघत, एकदा सुनेकडे. अर्धवट ऐकलेली गोष्ट त्या बाईला कधी सहन होत नाही, हे मला तेव्हा कळलं. बिघाड सापडल्याशिवाय ती इंजिन बंद करत नाही म्हणतात.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी लिही. गॅरेजला दुपारी ये. पण शेवट पहिल्यांदा मला सांगायचा."

पन्नास बायकांदेखत म्हणाल्या. बघू नाही, काही नाही. मुहूर्त चार मिनिटांनी हुकला असं गुरुजी म्हणाले आणि मुक्ताबाईनं त्यांना ठणकावलं, "तुमचं घड्याल पुढं हाय." मी इतकी हसले की अक्षता माझ्याच डोक्यावर पडल्या.

रुखवत रीतीप्रमाणे मुलाच्या घरी गेलं. आठवड्याभरात काऊंटांचं घराणं निकालात निघालं. विल्फ्रेडची दाढी मेकॅनिकांनी वाटून खाल्ली. जाडा गियेम तीन दिवस पुरला. तिसऱ्या बर्नातला मात्र राजश्रीताईंनी डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. शेवट कळल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूमच होता.

तीन महिन्यांनी निशीनं प्रबंध विद्यापीठात दिला आणि राजश्रीताईंनी मला काशीमीऱ्याला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर त्या मांडी घालून बसल्या. "हं. सांग."

निशीनं सांगितलं. तिसऱ्या बर्नातचं लग्न बार्सिलोनाच्या बलाढ्य काऊंटच्या मुलीशी लागलं. मुलगी जेमतेम सात वर्षांची. करार असा होता, की मूल झालं नाही तर बेसालू सासऱ्याचं. चार वर्षांत बर्नात वारला. मूल नव्हतं. ना लढाई, ना वेढा. दोनशे वर्षांचं राज्य एका लग्नात सासरी जमा झालं.

 बाहेर हायवेवर ट्रक जात होते आणि राजश्रीताईंचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं. मग त्या उठल्या, फ्रिज उघडला, डबी आणली आणि शंकरपाळं निशीच्या तळहातावर ठेवलं.

"तुझं आहे. तू खा," त्या म्हणाल्या. "इथे तुझं कुणी काही गिळणार नाही."

निशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही. तिनं ते वेलचीच्या टोपीसकट तोंडात टाकलं आणि चेहरा असा काही केला की आम्ही घाबरलोच. तीन महिने बर्नात बोंबलांच्या शेजारी राहिला होता.

"बरं," राजश्रीताई डोळे टिपून गरजल्या, "झालं ना आता लिहून? उद्यापासून पूर्ण दिवस येशील ना गॅरेजला?"

निशीनं शंकरपाळं कसंबसं गिळलं, पाणी प्यायली आणि हसून म्हणाली, "बघू, आई."