दुपारी निवळणारं धुकं

मी एक जुना लोखंडी चिमटा आहे. गिरिजाबाईंच्या धाकट्या दिराचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९७४ला, जुन्या जालन्याच्या बाजारातून मी त्यांच्या कनवटीला आलो.

मित्रांनो, माझं काम नाजूक होतं. संकरित कापसाच्या बियाण्यासाठी दुपारी कळीतले पिवळे केसर उपटायचे आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या सकाळी टोपी काढून आत उरलेल्या फुलाच्या टोकावर दुसऱ्या जातीच्या झाडाचं फूल चोळायचं. दुपारी गिरिजाबाईंसारखा हात कुणाचाच नव्हता. सकाळी मात्र त्यांना लाल टोपी दिसे, फुलाचं टोक दिसत नसे. ऊन चढलं की डोळे निवळत.

मुकादम मच्छिंद्र म्हणायचा, "वहिनी, सकाळी आंधळ्या अन् दुपारी डोळस! झोप पुरी व्हत न्हाई काय?"

"तुझ्या बायकोला इचार, झोप कशाला म्हणत्यात!" गिरिजाबाई उलट सुनवायच्या.

बायका हसायच्या. गिरिजाबाई हसत नसत. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. ती शेवटी भिंत धरून चालायची.

१९७७च्या थंडीत गावात डोळ्यांचं शिबिर भरलं. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी जास्त धूसर दिसतं का? घरात आणखी कुणाला त्रास?"

लेक बेबीनंदा शेजारी उभी होती. तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती आणि मुलाचे मामा त्याच रांगेत बसले होते.

"न्हाई सायब. कुणालाच न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या.

मी कनवटीत होतो. त्यांची बोटं माझ्यावर घट्ट आवळली.

शिबिरात त्यांचा मोतीबिंदू काढला. धुकं मग दुपारीही हटेना. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेमागे पेशींचा थर असतो, तो काचेत रात्रभर मुरलेलं पाणी उपसतो. या घरात त्या पेशी लवकर मरतात. ऑपरेशनात उरलेल्याही गेल्या; घरचा त्रास आधी कळला असता तर ते जपून केलं असतं. त्या पुन्हा येत नाहीत.

बेबीनंदाचं लग्न मात्र झालं.

आता बेबीनंदा हंगामाला माहेरी येते, मला कनवटीला लावते. परवा सकाळी लख्ख ऊन होतं. ती म्हणाली, "आज लई धुकं पडलंय, न्हाई?"



मित्रांनो, माझा गंज घासून निघतो. डोळ्याचं तसं नाही. डॉक्टरांनी विचारलं तर आईचं, आजीचं सगळं सांगा. सोयरीक मोडली तर मोडू द्या.

गिरिजाबाई १९७९च्या चैत्रात वारल्या. सकाळी पाण्याला गेल्या होत्या. विहिरीचा काठ त्यांना दिसला नाही.