तुळसाबाईची मोजकाठी

मी एक बांबूची काठी. पांढरकवड्याकडच्या जंगलातल्या पाणवठ्यांचं पाणी मोजणारी. चार-चार बोटांवर माझ्या अंगाला खाचा आहेत; पाचवी सगळ्यांत खोल, मोजणी तिच्यावरूनच. सत्तावीस वर्षांपूर्वी तुळसाबाईनं त्या विळ्यानं पाडल्या. तिला ना पगार होता, ना वर्दी. दर उन्हाळ्यात, दर आठवड्याला ती मला पाण्यात उभी करायची, ओल कुठवर चढली ते बघायची. पाणी पाच खाचांच्या खाली गेलं की वनरक्षकाला टँकर सांगायची.

फिरायला आलेले लोक विचारत, "आजी, वाघ दिसला का?"

"त्यानं मले पाह्यलं असंन. मी पाणी पाहून राह्यली होती."

गेल्या माघात ती गेली. ब्याऐंशी वर्षांची होती. शोकसभेत वनरक्षक घनश्याम म्हणाला, "आजीची काठी काचेच्या पेटीत ठेवू."

मागून बारीक आवाज आला. "सर, मग पाणी कशानं मोजायचं?" ती उर्वशी होती. यवतमाळच्या कॉलेजची, दोन उन्हाळे बाईसोबत हिंडलेली. वानर खोकलं तरी दचकणारी.

"तूच मोज मंग," घनश्याम हसला. "फक्त वानराले पाहून काठी टाकून पळू नको."

चैत्रात आम्ही तिघं पहिल्या पाणवठ्यावर गेलो. उर्वशीनं काठावरूनच वाकून मला पाण्यात टेकवलं. "सहा," तिनं वहीत लिहिलं.

"मंग टँकर कायले? पुढच्या हप्त्यात पाहू," म्हणत घनश्यामनं गाडीला किक मारली.

माझा जीव कासावीस झाला. दगडांवर टेकून टेकून माझं खालचं टोक दोन खाचांएवढं झिजलंय. बाईला ते ठाऊक होतं. "माह्यासंगंच झिजली, राहू दे," असं एकटी असताना ती मला म्हणायची आणि पुटपुटत दोन खाचा वजा करायची. पण मला कुठं बोलता येतं?

उर्वशी मात्र जागची हलेना. चितळांच्या खुरांचे ठसे ओल्या चिखलातून पाण्याच्या दिशेनं फार आतपर्यंत गेलेले तिनं पाहिले. बूट काढले आणि मला टेकवलं होतं तिथंच पाण्यात उतरली. पायाला बेडूक लागला तेव्हा किंचाळली, पण मला सोडलं नाही. सहा खाचा म्हणजे पाणी गुडघ्याला लागायला हवं होतं. ते पोटरीलाच थांबलं.

तिनं मला उचलून माझं टोक चाचपलं.

"सर, काठी झिजलीये. आजी 'सहा, म्हंजे चार' म्हणायच्या. मला वाटायचं, वयामुळे गडबडतात."

घनश्यामनं गाडी बंद केली. मग खिशातून फोन काढला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. उर्वशीनं माझ्या उरलेल्या अंगावर, नव्या टोकापासून मोजून, चाकूनं नव्या खाचा पाडल्या. दोन वाकड्या आल्यात. बाईच्या खाचा तिनं तासून टाकल्या नाहीत. त्या नव्यांच्या शेजारीच आहेत.

मी अजून झिजणार आहे. म्हणून उद्या जो कुणी मला हातात घेईल त्याला एवढंच सांगणं: पाण्यात उभी करण्याआधी माझं टोक एकदा हातानं बघत जा.