लोंबते दोरे

माझ्या शिवणकारखान्यातून दोरा लोंबणारा कपडा चाळीस वर्षांत बाहेर पडलेला नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण कात्री अशी चालते की शिकलेल्यांनी बघत राहावं.

बाह्या-कॉलरचे कागदी साचे सुनेने कॉम्प्युटरवर घेतले आणि स्वतः प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की साचा छापून येणार. मग जुने फाटके कागद मीच रद्दीत घातले, सुनेच्या कौतुकाने.

मंगळवारी सकाळी बँडवाल्यांच्या चाळीस कोटांचं कापड टेबलावर पसरलं. संध्याकाळपर्यंत कापून झालं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. सुनेने बटण दाबलं. पडद्यावर नुसती राखाडी चौकट.

"वहिनी, कोट कापायचा की पाटी?" कटिंग मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, ती जीभ कात्रीला घासा, धार येईल," मी म्हणाले.

सुनेचा चेहरा उतरला. "आई, फायलींच्या नावांमागचा ठिपका आणि तीन अक्षरं गेलीत. हे चित्र की मजकूर, ते प्रोग्रामला त्यावरूनच कळतं. दोनशे बारा फायली! कोणी केलं हे?"

आदल्या दुपारी मीच कॉम्प्युटरपाशी बसले होते. प्रत्येक नावामागे काहीतरी लोंबत होतं. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण पुसायला वाचावं कशाला लागतंय? एकेक करून छाटलं. मान अवघडली.

"मी," म्हणाले. "लोंबत होतं म्हणून."

मास्तर खोकल्याच्या आडून हसले. सूनबाई डोक्याला हात लावून बसली.

मला राहवेना. "अगं, ताग्यावरची चिठ्ठी पडली तर मी कापड ओळखायची थांबते का? कडेचे चार धागे उसवून बघते. तुझ्या यंत्राला तेवढीही अक्कल नाही?"

तिने खुर्ची पुढे ओढली. "येईल, आई! प्रत्येक फायलीच्या आत पहिली काही अक्षरं ठरलेली असतात. तिथे डोकावायला शिकवते त्याला." आणि टाइप करता करता म्हणाली, "चूक माझ्याच प्रोग्रामची. नुसत्या चिठ्ठीवर विसंबायला नको होतं."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?" मी लगेच मान ताठ केली.

जेवणाआधी पहिली कॉलर छापून आली, अगदी माझ्या हातच्या वळणाची. मास्तरांची कात्री करकर चालू लागली, ती चाळिसावा कोट कापूनच थांबली. उजेड अजून खिडकीत होता.

सुनेच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. मी कात्री उचलली.

"आई, थांबा!" ती किंचाळली. "आधी विचारा!"

मास्तर टेबलावर डोकं टेकून हसले. मी विचारलं, आणि मगच कापला.