बदकाच्या पोटातली शिट्टी

मी एक जुनी शिट्टी आहे. नखाएवढी, चपटी, मधोमध भोक असलेली. मित्रांनो, खेळाच्या मैदानावर गळ्यात मिरवणारी ती ढोली शिट्टी वेगळी. मी रबरी बदकाच्या पोटात बसणारी. बदक दाबलं की लोक कौतुकानं म्हणायचे, "बघा, बदक बोललं!" बदक कसलं बोलतंय! नाव त्याचं आणि गळा माझा.

कारखान्यात मला बदकाच्या बुडाशी दाबून बसवलं आणि आम्ही एका घरी गेलो. तिथल्या थोरलीनं मला वाजवलं, मधल्यानं आपटलं, आणि धाकट्या टिल्लूला दात येऊ लागले तेव्हा त्यानं बदकाचं बूडच चघळायला घेतलं. रबर सैल झालं. बदक रोज धुतलं जायचं, पण सैल झालंय का, हे कुणी बोटानं चाचपून पाहिलं नाही. माणसांना मळ तेवढा बरोबर दिसतो.

एका सकाळी मी निसटले ती टिल्लूच्या तोंडात. नेमका तो खदखदून हसला, हसताना श्वास ओढला आणि मी आत! जोराचा ठसका लागला, मग थांबला. "लाळ गेली वाटतं घशात," आई म्हणाली.

मी श्वासनळीच्या तोंडाशी आडवी अडकले होते. वाट अडवणारी मीच, आणि माझ्या भोकातून श्वासाला वाट देणारीही मीच. टिल्लू श्वास आत ओढायचा तेव्हा मी वाजायचे. सोडताना गप्प.

दवाखान्यात डॉक्टरांनी घाईत लिहिलं, 'श्वासाला आवाज'. आता गंमत ऐका. तिथे प्रत्येक दुखण्याला एक कोड असतो, म्हणजे ठरलेला आकडा. तो घालणाऱ्या बाई वेगळ्या खोलीत बसतात. श्वास आत घेताना वाजला तर एक कोड, सोडताना वाजला तर त्याच्या शेजारचा दुसरा. पहिला दिसला की डॉक्टर घसा बघतात, दुसरा दिसला की छाती. कागदावर आवाज कधी येतो ते लिहिलंच नव्हतं. बाईंनी विचारलं नाही, सवयीनं दुसरा घातला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी संगणकावर तो कोड पाहिला आणि छातीसाठी वाफ दिली. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. इकडे माझ्याभोवती सूज चढत होती, भोकात कफ चिकटत होता. टिल्लूचे ओठ निळसर दिसू लागले.

तेव्हा त्याला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "संगणकावरचं नंतर वाचते. आधी सगळे गप्प बसा."

त्यांनी कान लावला. "हा तर आत घेताना वाजतोय!"

"हो ना," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "घरी सगळे चेष्टा करायचे, यानं बदकच गिळलंय म्हणून."

"कुठलं बदक? ते वाजतं का अजून?"

"नाही हो. बिघडलंय ते, बरेच दिवस झाले..." आणि आईचा हात तोंडाशी गेला.

मग काय धावपळ! टिल्लूला झोपेचं औषध दिलं, घशात दुर्बीण घातली, बारीक चिमट्यानं मला बाहेर ओढलं. जाग येताच टिल्लूनं असा टाहो फोडला की मला वाजवणाऱ्या तिघांत त्याचाच गळा मोठा, हे तिथेच ठरलं.

डॉक्टरीणबाई मला घेऊन तडक कोडवाल्या बाईंकडे गेल्या. "ही बघा तुमची छातीची घरघर!"

"कागदावर नुसतं 'आवाज' होतं, डॉक्टर."

"मग फोन करून विचारायचं!"

"आणि तुमच्या लोकांनी नीट लिहायचं!"

दोघींचंही खरं होतं. कारण सापडलं होतं, तेव्हा बाईंनी आवाजाचा कोड काढला आणि नवा घातला: 'श्वासमार्गात अडकलेली परकी वस्तू'.

परकी! तीन पोरांना हसवलं मी त्या घरात. अस्सा राग आला!

आता मी बाईंच्या टेबलावर काचेच्या बाटलीत असते. 'श्वासाला आवाज' असा कागद आला की बाई आधी फोन उचलतात: "आत घेताना की सोडताना?" मित्रांनो, तुम्हीही तान्ह्या भावंडाचं खेळणं दाबून, ओढून बघा. आणि त्याचा श्वास वाजला तर कधी वाजतो ते ऐका नि मोठ्यांना लगेच सांगा.

माझं म्हणाल, तर राग केव्हाच गेला. टिल्लूच्या घशात घरची म्हणून राहण्यापेक्षा इथे बाटलीत परकी म्हणून बसलेली बरी.