पांढऱ्या मुळ्यांची घाई

वहिदाचा जीव घरात थारा धरत नव्हता. चहा उतू जायचा आणि ही पाचोडच्या शिवारातल्या मोसंबीत उकिडवी बसलेली असायची. कालव्याकडच्या ओळीला मूळकूज लागली होती. पानं पिवळी, खोडातून डिंक गळत होता. नवरा सरदार म्हणाला होता, "ईदपर्यंत बघू. नाय सावरली तर सगळी बाग काढू, कापूस लावू."

संभाजीनगरच्या कृषी केंद्रातून तिनं बुरशी मारणाऱ्या जिवाणूंचं औषध आणलं. गुळाच्या पाण्यात कालवून आजारी झाडांच्या बुडाशी ओतताना ती गुणगुणली,

"पाजिते गुळपाणी मातीच्या गं पोटी,
धाडिते राखणीला फौज लई छोटी."

केंद्रातल्या प्रेरणाताईंनी बजावलं होतं, "पांढऱ्या मुळ्या फुटल्या की समजा जिंकलो. पण धीर धरा." पहिलं वाक्य वहिदाच्या कानात राहिलं, दुसरं वाटेतच सांडलं.

रोज उजाडलं की ती खुरप्यानं माती उकरायची. आजारी ओळ झाली की चांगल्या ओळीतलीही झाडं, निरोगी मुळी कशी दिसते ते ताडून बघायला.

"अगं, झाडाला झोपू देशील का?" सरदार हसायचा. "पोरीला सासरी धाडलं तवा बी असंच. घडीघडी फोन. जावई वैतागला."

"तुम्ही गप बसा जी. पोरगी फोनवर बोलती तरी. हे झाड कुठं बोलतंय?"

ईद तोंडावर आली आणि एका सकाळी चांगल्या ओळीतल्या झाडाच्या बुडाशी डिंकाचा थेंब दिसला. शेजारच्यालाही. त्याच्या पलीकडचं मात्र कोरडं. त्याचं बूड तिनं कधी उकरलंच नव्हतं.

वहिदानं हातातल्या खुरप्याकडं बघितलं. पात्याला कालव्याकडची ओली, कुजकी माती चिकटलेली. तीच माती तिनं झाडाझाडाला नेऊन भरवली होती. वर कोवळ्या मुळ्या तोडून रोगाला दार उघडून दिलं होतं.

"अजी," ती सरदारपुढं जाऊन उभी राहिली. "रोग म्या पसरवला. या हातानं."

सरदारचं हसू विझलं. "कुठवर?"

"जिथं जिथं उकरलं, तिथवर."

तो बांधावरचं गवत उपटू लागला. "मग? काढायची का बाग?"

"कालव्याकडची काढा." लेकरासारखी जपली होती ती ओळ. "तिच्यासाठी ठेवलेलं औषध आता हिकडं ओतते."

"तेवढ्यानं भागंल?"

"ठावं नाय."

दिवसभरात ओळ निघाली. मुळं बांधाबाहेर नेऊन जाळली, खड्ड्यांत चुना पडला. वहिदानं खुरपं न लावता, वरूनच, उरलेलं औषध चांगल्या ओळीला पाजलं.

दुसऱ्या सकाळी ती बांधापर्यंत गेली आणि थांबली. मागून सरदार आला. आता त्याचाच पाय ठरंना.

"चल की, जरासं बघून येऊ."

"हितनंच बघा. चपलेला बी माती लागती."

दोघं बांधावर उभी राहिली. मातीच्या आत काय चाललंय, ते माती सांगत नव्हती. वहिदानं हात ओढणीत गुंडाळून घेतले होते. आत बोटं चुळबुळत होती.