दक्षिणेची खिडकी

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. शेवगावच्या अलीकडच्या एका गावात शाळा भरायची ती सोसायटीच्या जुन्या गोदामात. पूर्व-पश्चिमेला लोकांची घरं चिकटलेली. उत्तरेला तेवढं एक दार, खिडकी म्हणून नाही. भिंतीच्या भेगांत अजून जुन्या बाजरीचा भुसा. चाळीस पोरं आत बसली की दुपारपर्यंत श्वास जड व्हायचा.

त्या दिवशी राहीबाईची भीमा फळ्यासमोरच चक्कर येऊन पडली. दोघी मैत्रिणींनी तिला धरून घरी आणली. बाप गहिनीनाथ ओट्यावरच होता.

"बास झाली शाळा. उद्यापासून घरी बसंल."

"अवं, पोरगी चौथीत पैली हाय."

"जिती राह्यली तर पैली ना!"

राहीबाई उठली. पदर खोचला आणि तडक शाळेत जाऊन पोरांमध्ये मांडी घालून बसली. एक धडा संपेस्तोवर तिचंच डोकं गरगरायला लागलं. नाकातोंडात भुसा, घशात खवखव.

"बाई, खिडकी का पाडीत न्हाई?"

विजयमालाबाई नगरहून आलेल्या, वयानं लहान. त्या कसनुशा हसल्या. "मोकळी भिंत फक्त दक्षिणेची आहे, राहीबाई. सरपंच म्हणतात, दक्षिणेला भोक पाडलं की यम आत येतो."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गडीमाणसं बसली होती. तिथं बायका येत नसत. राहीबाई डोक्यावर पदर घेऊन पाराखाली उभी राहिली.

"पाटील, शाळंला खिडकी पायजे."

सरपंच श्रीमंत पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "राहीबाई, माझं काय जातंय? पन पोरांच्या जिवाचा सवाल हाय. दक्षिन म्हंजी यमाची दिशा."

"यम काय खिडकीची वाट बघत बसलाय व्हय? दार उघडंच हाय की त्याला!"

पारावर खसखस पिकली. पाटील चिडले. "वाडवडील काय खुळे हुते?"

"न्हाई, लई शाने हुते." राहीबाईनं देवळाकडं हात केला. "तुमच्याच वाडवडलांनी ह्यो मारुती बशिवला ना? त्याचं तोंड कुनीकडं हाय?"

गावातलं शेंबडं पोरही सांगेल, मारुती दक्षिणमुखी.

म्हातारा सहादेव पुजारी काठी आपटून म्हणाला, "दक्षिनंला, बाय! दक्षिनंला!"

"देव रातंदिस तिकडं तोंड करून बसलाय. त्याच्या म्होरनं यम शाळंत घुसंल, असं वाटतंय व्हय पाटील तुमाला? म्हंजी तुमचा मारुतीवर भरवसा न्हाई?"

पाटलांनी सगळ्यांकडं पाहिलं, देवळाकडं पाहिलं आणि घसा खाकरला. "नारळ मी फोडनार. सांगून ठिवतो."

"फोडा की! त्यो मान तुमचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अब्दुल गवंडी पहार घेऊन आला. अख्खं गाव जमलं. भिंत हातभर जाड. घाव बसला की माती भसाभसा कोसळायची. अखेर एक चिरा बाहेर पडला आणि उन्हाची तिरीप थेट फळ्यावर गेली. उजेडात भुसा उडताना दिसला तेव्हा बायकांनी तोंडावर हात ठेवले. एवढं आपली लेकरं गिळत होती!

"एक न्हाई, दोन पाड रं अब्दुल," राहीबाई ओरडली. "समोरासमोर दार हाय, वारं कसं पळतं बघ!"

दुसरी खिडकी पडली आणि खरंच वारं आलं. दक्षिणेकडून शिरलं, फळ्यावरचा तक्ता फडफडवत दारातून बाहेर गेलं. पोरांनी एकच गिल्ला केला. बायकांनी खराटे घेऊन भेगा खरवडल्या, टोपल्यांनी भुसा बाहेर काढला, भिंती शेणानं सारवल्या.

दोन दिवसांनी शाळा भरली. भीमा उभी राहून धडा वाचत होती, खणखणीत, न खोकता. नव्या खिडकीबाहेर गहिनीनाथ उभा होता. धडा संपला तरी हलेना.

"आता हिला पाचवीला शेवगावला धाडाया लागंल," तो राहीबाईला म्हणाला, जसं काही हे त्यालाच सुचलं होतं.

राहीबाई तोंडाला पदर लावून हसली.

तेवढ्यात वाटेवर अब्दुल दिसला, खांद्यावर पहार. पाटलीण मालनबाई त्याच्या पुढं पुढं चालली होती.

"चल लवकर. माझ्या चुलीपाशी धुरानं डोळं गेलं रं. अन् हे बघ, दक्षिनंलाच पाड. पाटील काय बोलले तर माझ्याकडं धाडून दे."