बिनशिवणीची टोपी

मधुकरराव आरशासमोर उभे होते आणि डोक्यावर करड्या लोकरीचा विणलेला पट्टा बसवत होते. पट्ट्याच्या वरच्या कडेतून सुयांची दोन टोकं निघून कपाळावर शिंगांसारखी उभी राहिली होती. टोपी व्हायची ती अजून बाकीच होती. वरचं छप्पर नव्हतं, त्यामुळे टक्कल होतं तसं उघडं होतं. पट्टा एकीकडून खाली ओढला की दुसरीकडून उठायचा, तिकडे दाबला की कानामागे घडी पडायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने सकाळी सकाळी हे उद्योग करावेत का, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नव्हता.

मयुरी जिन्यावरून उतरली आणि दारातच थबकली. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी ही मुलगी पुलगावची, वर्ध्याजवळ सावंगीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ड्युटीला निघताना खालच्या घरात डोकावून जायची तिची सवय मधुकररावांच्या पत्नी सरोजिनीबाई होत्या तेव्हापासूनची.

"काका, हे काय करून राह्यले?"

"पाहून राह्यलो, बसते का ते."

"मंग? बसते?"

"कुठं बसते. चहा झाला तवापासून झगडून राह्यलो. तुझ्या काकूनं विणलेली वस्तू अन् बसत नाई, असं कधी झालं का?"

मयुरीला हसू फुटणार होतं, पण काकूचं नाव निघाल्यावर ते तिने गिळलं.

सरोजिनीबाई गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. हृदयाची तपासणी करून घ्यायला म्हणून त्या नागपूरला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. या वर्षी थंडी जरा जास्तच पडली, म्हणून काल मधुकररावांनी स्वेटरसाठी गरम कपड्यांची पेटी उघडली. तिच्यात बायकोच्या शालीच्या घडीत हे सापडलं. अर्धवट विणलेला पट्टा, लोकरीचा गुंडा आणि कधी न पाहिलेली एक सुई. म्हणजे सुया दोनच, पण आखूड, आणि एकीचं बूड दुसरीच्या बुडाला नायलॉनच्या दोरीने जोडलेलं. सरोजिनीबाई जन्मभर लांब सरळ सुयांवर विणत आल्या. ही सुई त्यांनी कधी आणली, कोणासाठी आणली, नवऱ्याला पत्ता नव्हता.

मधुकररावांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट कशी बनली हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. पाटबंधारे खात्यात ते ट्रेसर होते. साहेबांनी काढलेल्या कालव्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद अंथरायचा आणि काळ्या शाईने रेघ अन् रेघ उतरवून काढायची, यात त्यांची नोकरी गेली. कालवा त्यांनी एकही आखला नाही, पण प्रत्येक कालवा तिथेच का वळतो हे विचारून साहेबांना भंडावून सोडलं. घरातही तेच. मिक्सर बंद पडो न पडो, दिवाळीच्या सुट्टीत तो खोलला जायचाच. "माह्या बापानं पोरगी दिली तवा बजावलं असतं तं बरं झालं असतं," असं सरोजिनीबाई म्हणत, "की जावईबापू, हिले खोलून पाहू नका."

एका थंडीत तर त्यांनी बायकोच्या शेजारी बसून सुलटा टाकाही शिकून घेतला होता. उलट्या टाक्यापर्यंत येता येता कुतूहल संपलं आणि सुया परत गेल्या.

"काका, द्या बरं इकडं," मयुरी म्हणाली. तिने पट्टा हातात घेतला, सुईवर गोल फिरवला, खालची कड बोटाने चाचपत गेली आणि एका जागी थांबली. "हे पाहा. इथं पीळ पडला."

"म्हणजे?"

"टाके घातल्यावर दोन टोकं जोडाची असते ना, तवा सारे टाके एका तोंडानं पायजे. एक जरी फेरा सुईभोवती फिरला, अन् तसंच जोडलं, तं पीळ आत बसते. विणणाऱ्याले समजत नाई. चार बोटं झाल्यावर समजते."

"मंग सोडवू की. त्यात काय."

"नाई सुटत. उसवावं लागन. सारंच."

मधुकररावांनी पट्टा तिच्या हातातून काढून घेतला. ओढून घेतला म्हटलं तरी चालेल. बस चुकेल म्हणून मयुरी निघून गेली.

त्यांनी मुलीला फोन लावला. इला पुण्याला असते. काल रात्रीच तिला फोटो पाठवला होता.

"बाबा, तुम्ही ते हातही लावू नका," इला म्हणाली. "आईच्या हातचं शेवटचं आहे. मी आले की वर्ध्यालाच कोणाकडून काचेत बसवून घेऊ. सुईसकट."

"त्यात पीळ आहे म्हणते मयुरी."

"असू दे ना पीळ. कोणाला कळतंय?"

मुलीचं म्हणणं त्यांना पटलं. फोन ठेवल्यावर त्यांनी पट्टा टेबलावर नीट पसरला, भिंतीवर जागासुद्धा पाहून ठेवली. देवघराच्या बाजूला, उजेड येतो तिथे. मग अंघोळ केली, पोळीवालीने ठेवलेली पोळी-भाजी खाल्ली. पण जित्याची खोड. जेवण होताच ते पुन्हा टेबलाशी येऊन बसले.

पीळ एका जागी दाबला की पुढे सरकायचा. पुढे दाबला की फिरून मागे यायचा. जायचा मात्र नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरची एक लांब पट्टी कापली, एक फेरा देऊन दोन टोकं डिंकाने चिकटवली आणि वाळल्यावर त्या कागदी कड्याशी तासभर खेळत बसले. आतून बाहेर केलं, बाहेरून आत केलं, आठाच्या आकड्यासारखं वळवलं. कागदही लोकरीसारखाच हट्टी निघाला. शेवटी त्यांनी चिकटवलेला जोड उचकटला, आणि पट्टी आपसूक सरळ होऊन टेबलावर पडली. म्हणजे मयुरी खरं बोलत होती. ऑफिसात एखादी रेघ चुकली तर ब्लेडने तेवढीच खरवडून काढता यायची. इथे तशी सोय नव्हती.

कोडं सुटल्याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता. झाला नाही.

सरोजिनीबाईंची नजर कशी होती हे त्यांना माहीत होतं. बसस्टँडवर पुढे उभ्या असलेल्या परक्या बाईच्या स्वेटरमधला सुटलेला टाका त्यांना दिसायचा, आणि ते तिला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. अशी नजर असलेल्या बायकोने चार बोटं विणून होईपर्यंत स्वतःच्या हातातला एवढा मोठा पीळ पाहिला नाही? मग तिचं लक्ष कुठे होतं? दमली होती का? डोळ्यांपुढे अंधारी येत होती का? आणि ती याच घरात हे विणत असताना, जगातल्या प्रत्येक यंत्राचं पोट उघडून पाहणाऱ्या आपल्याला बायकोचं काही बिघडलंय हे दिसू नये? हा विचार एकदा आला तो जाईना. भिंतीवर काचेत रोज हीच गोष्ट टांगलेली पाहणं त्यांना सोसणार नव्हतं.

दुपारी मयुरी ड्युटीवरून आली तेव्हा ते फाटकातच उभे होते.

"एक सांग मले. ही सुई तूच आणून देली तिले?"

"हो. बर्डीवरून." बर्डी म्हणजे नागपूरचा बाजार. "काकूनंच पैशे देलते. तुमाले सांगू नको म्हणे."

"काऊन?"

मयुरी पायरीवर बसली. सँडल काढता काढता म्हणाली, "तुमी त्याहीच्या टोप्या घालत नव्हते म्हणून. काका म्हणते मागची शिवण टोचते. मी मोबाइलवर पाहून गोल टोपी विणत होती माह्या आबासाठी, ते काकूनं पाह्यलं. म्हणे याले शिवण कुठं आहे? म्हटलं नसतेच. तं मांगंच लागल्या. म्हणे मले शिकव, साधी, पटकन होणारी. त्याहीले समजाच्या आत डोक्यावर बसली पायजे, नाई तं कशी विणते म्हणून सुईच सोडवून पाहतीन."

मधुकररावांच्या हाताने नकळत टकलाची मागची बाजू चाचपली. शिवण टोचते हे ते म्हणाले होते खरं. किती वर्षांपूर्वी म्हणाले असतील कोण जाणे. म्हणाले आणि विसरूनही गेले होते.

"अन् हा पीळ?" त्यांनी विचारलं. "तिले दिसला नाई?"

"दिसला ना. नागपूरले जाच्या आदल्या दिवशी मीच बसली होती बाजूले. काकूनं एकदम सुई थांबवली, असं उलटंपालटं करून पाह्यलं अन् लय हसल्या. म्हणे, पाय वं पोरी, साऱ्या गावाले शिकवलं अन् मीच फसली. मी म्हटलं देऊ का उसवून? तं नाई म्हणे. ठेव, मी नागपूरवरून आली की उसवतो."

विदर्भात बाया "उसवतो"च म्हणतात. मयुरीने ते वाक्य अगदी सरोजिनीबाईंच्या ठेक्यात म्हटलं. मधुकरराव तिच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं, की ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलं नाही.

"दिसला होता तं," ते म्हणाले.

"मंग काय. काकूची नजर."

मग मधुकरराव उठून आत गेले आणि सुईसकट पट्टा घेऊन बाहेर आले.

"उसवू."

मयुरीने त्यांच्याकडे पाहिलं. "इलाताई काही म्हणणार नाई ना?"

"म्हणन. पण फसलेलं काम तिच्या आईनं कोणाले दाखवलं नाई कधी. मी भिंतीवर टांगू?"

सुई टाक्यांतून बाहेर ओढताना मात्र त्यांचा हात थांबला. मग त्यांनी दोरा ओढायला सुरुवात केली. टाके सुळसुळ सुटत गेले. मयुरी समोर बसून सुटलेली लोकर गुडघ्यांभोवती गुंडाळत होती. सकाळपासून जो पीळ कुठल्याही बाजूने जात नव्हता, तो कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

सुटलेली लोकर सरळ नव्हती. प्रत्येक टाक्याची वेलांटी धाग्यात तशीच राहिली होती. मधुकररावांनी बोटांत धरून धागा ताणला, सोडला. तो पुन्हा कुरळा झाला.

"असं काऊन होते हे?"

"वर्षभर त्याच घडीत होती ना लोकर. कोमट पाण्यातून काढून वजन बांधून टांगली की सरळ होते. मी घेऊन जातो, उद्या वाळन."

"सरळ नाई केली तं विणता येत नाई?"

"येते. पण टाके एकसारखे दिसत नाई."

"मंग राहू दे."

मयुरीने आग्रह केला नाही. ती म्हणाली, "गोल विणतानी उलटी ओळ येतच नाई, काका. सारे सुलटेच. डोक्याशी टाके कमी करतानी मी सांगन."

"सारे सुलटे?" मधुकरराव पायरीवर पुढे सरकले. "उलट्या बाजूनं कधी याचं नाई?"

"कधीच नाई. फिरतच राहाचं."

"मंग हे तं मलेही जमन."

बोलता बोलता पट्टा उसवून संपत आला होता. शेवटची कड उसवली, टाके एकेक करून निसटले आणि धाग्याच्या टोकाशी एक लहानशी गाठ तेवढी उरली. टाके घालायला बसताना सरोजिनीबाईंनी पहिला टाका म्हणून मारलेली ती सरकगाठ.

"वढा ना, सुटते ते," मयुरी म्हणाली. "पयलीपासून घालून देतो."

मधुकररावांनी धागा ओढला नाही. गाठीचा फासा बोटाच्या टोकाने जरा मोठा केला आणि सुई त्यातून अलगद आत घातली. मग मान वाकवून त्यांनी त्या गाठीच्या शेजारी दुसरा टाका घातला.